बाप्या माणसायले हे सांगन कोण?

पऱ्हाटी :

नमस्कार मंडळी. मी आरोग्य सेवक. उपकेंद्रात अठरा वर्षं झाली. जिल्हा यवतमाळ. तालुका विचारू नका, नोकरी बाकी आहे अजून. तापाच्या पेशंटचं रक्त काचेवर घ्यायचं, विहिरीत ब्लिचिंग टाकायचं, पोलिओच्या दिवशी बसस्टँडवर छत्री लावून बसायचं, हे माझं काम. पण चार वर्षांपासून हिवाळ्यात आणखी एक उद्योग करतो, बाप्यांना शरीराबद्दल समजावायचा. त्यावरून मागच्या महिन्यात गावात राडा झाला, म्हणून इथं लिहितो.

आमच्याकडं गरोदर मातांची सभा होते, किशोरींची होते, बचत गटाच्या बायांची होते. बाप्यांची होत नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या विवाहित बायांपैकी ३७.९ टक्के बायांचं कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालेलं, आणि नवऱ्याची नसबंदी झालेली ०.३ टक्के. माझ्या रजिस्टरात पुरुष नसबंदीच्या रकान्यात मी वर्षानुवर्षं आडवी रेघ मारतो. पट्टी लावून मारतो, चांगली दिसते.

सुरुवात झाली ती एका पोरापासून. सोयाबीन नुकतंच निघालं होतं. पंचवीस-सव्वीसचा, लग्नाला वर्ष झालेला. म्हणे, "भाऊ, कमजोरी हाये." बीपी बरोबर, हिमोग्लोबिन बरोबर. उठला, दारापर्यंत गेला, परत आला. नर्सबाई आत गेल्यावर हळूच म्हणाला, "धात जाते." म्हणजे वीर्य जाते. रस्त्याच्या कडेच्या भिंतीवरचा नंबर पाहून तो एका तंबूवाल्याकडं जाऊन आला होता. काळ्या पुड्या, वरून तेलाची बाटली. सोयाबीनचं एक पोतं त्यातच गेलं. घरी सांगितलं की पोत्याला भाव मिळाला नाही.

मी त्याला दहा मिनिटं समजावलं. जाताना म्हणाला, "मले वाटलं मलेच हाये." नंतर कळलं, त्या गल्लीतून त्याच तंबूत तिघं जाऊन आले होते, एकमेकांना न सांगता.

मग ठरवलं, फक्त लग्न झालेल्या बाप्यांची बैठक घ्यायची. पहिली समाजमंदिरात. मिठाईच्या डब्याला भोक पाडलं, चिठ्ठ्या टाका म्हटलं. दोनच निघाल्या, आणि एक उघडल्याबरोबर मागून आवाज आला, "हे तं अमक्याचं अक्षर हाये!" डबा बंद.

दुसऱ्या वेळी मडकं आणलं. प्रत्येकाच्या एका मुठीत सरकी, दुसऱ्या मुठीत तूर. मी प्रश्न विचारणार. उत्तर हो असेल तर सरकी टाकायची, नाही असेल तर तूर. मडक्यावर दुपट्टा, हात आत घालून सोडायचं. पण मडकं चुगली करते हे ध्यानात आलं नव्हतं. तूर पडली की टणकन वाजते, सरकीला रुई चिकटलेली, ती गुपचूप पडते. तिसऱ्याच माणसाला सगळे हसायला लागले. मग चुलीतली राख आणून बुडाला घातली, तेव्हा खेळ जमला.

पहिला प्रश्न : लग्नाआधी घरच्या कोणी काही सांगितलं होतं का? मडकं पालथं केलं, राखेत तूरच तूर. त्यावर हसले. दुसरा प्रश्न : बायकोला दुखते का, तिची इच्छा आहे का, हे कधी विचारलं? पुन्हा तूर. सरकीचे दाणे बोटावर मोजण्याएवढे. ह्या वेळी कोणी हसलं नाही. कोपऱ्यातला एक बुढा, नातवंडं असलेला, म्हणाला, "इचारायचं असते काय?"

टोमणा नव्हता तो. खरंच विचारत होता.

आता राडा. ह्या वर्षी कोणीतरी मोबाईलवर काढलं. चाळीसेक सेकंदांचा तुकडा, ज्यात मी अवयवांची नावं घेतोय. गावात वापरतात तीच नावं. 'शिश्न' म्हटलं असतं तर अर्ध्यांना कळलं नसतं. तो तुकडा चार गावांच्या ग्रुपवर फिरला. खाली लिहिलेलं, "सरकारी पगार घेऊन शिव्या शिकवते." वरून लेखी खुलासा मागितला. मी दोन पानं लिहिली आणि त्यात 'सदर अवयवाचा बोलीभाषेत उल्लेख' असं लिहिताना मलाच हसू आलं.

माझा प्रश्न एवढाच : पुस्तकातला शब्द कोणाला कळत नाही, कळतो तो शब्द शिवी आहे. मधला शब्द आणायचा कुठून?

---

मीनल_कोथरूड :

किती महत्त्वाचं काम करताय! तूर-सरकीची आयडिया तर भन्नाटच. एक सुचवू का? चित्रांचे स्लाइड्स केले तर शब्दांचा प्रश्नच येणार नाही. माझ्याकडे एका कार्यशाळेचं छान मराठी प्रेझेंटेशन आहे, संमती, सुरक्षितता, सुख असे तीन भाग आहेत. पाठवू?

---

पऱ्हाटी :

ताई, पाठवा. पण संध्याकाळी सातला आमच्याकडं लाईन नसते. आणि भिंतीवर चित्र लावलं की चाळीस सेकंदांऐवजी एकच फोटो पुरते त्यांना.

---

कडू_कारले :

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. आमचे बाप-आजे काय वर्ग लावून बाप झाले? गाई-ढोरांना कोण शिकवते? काही गोष्टी झाकलेल्याच बऱ्या.

आणि सरकारी माणूस बाप्यांच्या शरीराबद्दल बोलायला लागला की आमच्या घरात अजून धडकी भरते. आणीबाणीत नसबंदीची गाडी आली म्हणून माझा आजा रात्रभर तुरीच्या शेतात लपला होता. शेजारच्या आवारातला एक धरून नेला, त्याचं लग्नसुद्धा झालेलं नव्हतं. तेव्हाही "तुमच्या भल्याचंच आहे" म्हणत होते.

---

दवाखाना_चौक :

डॉक्टर आहे, चंद्रपूर जिल्ह्यात.

कारलेभाऊ, तुमच्या आजाची भीती खोटी नव्हती. १९७६-७७ ह्या एका वर्षात देशात ६० लाखांहून जास्त पुरुषांच्या नसबंद्या झाल्या. त्याआधी पुरुष ऑपरेशन करून घ्यायचे, त्यानंतर जे आटले ते आजपर्यंत. सगळं बायांच्या अंगावर आलं. जबरदस्तीनं केलेल्या कामाची किंमत तिसरी पिढी देते, आणि देते ती बाई.

आता धात. १९६० मध्ये डॉ. एन. एन. विग ह्या मानसोपचारतज्ज्ञांनी ह्याला 'धात सिंड्रोम' नाव दिलं. आजार लघवीत नसतो, धास्तीत असतो. चाळीस थेंब रक्ताचा वीर्याचा एक थेंब होतो असं लहानपणापासून ऐकलेलं, मग झोपेत कपडे ओले झाले की पोरगा मनात हिशेब करतो की गेलं एवढं रक्त. थकवा खरा असतो, झोप खरोखर उडालेली असते. म्हणून "काही नाही, जा" म्हणून हाकलू नये. मी आधी पूर्ण तपासतो, रिपोर्ट हातात देतो, मग बोलतो. रिपोर्ट हातात असला की माणूस ऐकतो.

भिंतीवरच्या जाहिरातींचं म्हणाल तर १९५४ पासून कायदा आहे, औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम. लैंगिक ताकद वाढवण्याच्या औषधांची जाहिरात करणं हाच गुन्हा. माझ्या दवाखान्यासमोरच्या भिंतीवर तसली जाहिरात आहे, दरवर्षी दिवाळीला नवा रंग मारतात.

---

घरोघरी :

मी आशा सेविका आहो. अकोला जिल्हा. मोबाईलवरून लिहून रायली, चुका काढू नका.

भाऊ तुमी म्हनता मधला शब्द नाई. बायाइजवळ हाये नं. अंगावरून जाते, धुपणी लागली, अंग बाहेर येते, मायांग दुखते, पदर आला, बाहेर बसली, दिवस गेले, दिवस चढले, पोट रायलं, पाळणा लांबवला. ह्यातला एक तरी शब्द शिवी हाये का? सासूसमोर बोलता येते, डॉक्टरसमोर बोलता येते. जवळ येण्याले बी शब्द हाये. बाई सांगते, "रात्री त्याईचं मन झालं, मायं नोतं." येवढंच. सारं समजते.

शब्द बाप्याइपाशी नाई. कारन त्याईनं कधी दुखलं-खुपलं म्हून ह्याच्यावर बोललंच नाई. फक्त हासाले नाईतं भांडाले. मंग शिवीच रायन नं त्याईच्या तोंडात.

एक सांगतो. मायाकडची एक बाई पाळणा लांबवाचं अंतरा इंजेक्शन घेते, तीन महिन्याले एक. नवऱ्याले मालूम नाई. त्याले वाटते नसबंदीवानी कायमचं होईन. इंजेक्शनची तारीख आली का ते मले रस्त्यात भेटली तं इचारते, "आशाताई, बाजार कवा हाये?" आमचा बाजार मंगळवारी असते, साऱ्या गावाले मालूम हाये. दुसरी छाया गोळी घेते. पयले तीन महिने हप्त्यात दोनदा, मंग हप्त्यात एकदा. ते गोळीचं पाकीट तांदळाच्या डब्यात ठेवते. मी म्हटलं, उंदीर नेईन. म्हने, "उंदराले नेऊ दे, सासऱ्याले सापडू नये."

आता ह्या बाप्यायले कोनी सांगतलं असतं तं बाईले तांदळात हात घालाची पाळी आली नसती.

---

बाभूळबन :

घरोघरी ताई, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला.

"मन नव्हतं" हे बाईनं सांगितलं तरी पुढं काय, हा माझा प्रश्न. आपल्या कायद्यात बलात्काराच्या व्याख्येला नवऱ्यापुरता अपवाद आहे. जुन्या दंड संहितेच्या कलम ३७५ मध्ये होता, नव्या न्याय संहितेतही ठेवला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बायको अठराच्या आतली असेल तर तो अपवाद चालणार नाही म्हटलं, बस. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात लैंगिक छळ येतो, पण त्यासाठी तालुक्याला कोण जातं? तेव्हा त्या बुढ्यानं "इचारायचं असते काय" म्हटलं ते काही जगावेगळं नाही, कायदाही तसंच म्हणतो.

पऱ्हाटी, तिसरा प्रश्न म्हणून चादरीचं घ्या. माझ्या मावसबहिणीला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासरी चादर विचारली होती. तिला लहानपणापासून सायकल, कबड्डी सगळं. रक्त आलं नाही. नवऱ्यानं सहा महिने तिला त्यावरून बोलून घेतलं. पहिल्या वेळी रक्त येतंच असं नाही, अनेकींना येत नाही, ही एक ओळ त्या माणसाला लग्नाआधी कोणी सांगितली असती तर! तो वाईट नव्हता हो. आज नीट संसार आहे. पण ते सहा महिने ती विसरत नाही.

ह्या बाबतीत आपल्या विदर्भाचं एक चांगलं काम सांगते. बलात्कारित स्त्रीचं 'कौमार्य' बघायची ती दोन बोटांची चाचणी, तिच्यावर सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी २०१० मध्ये अहवाल तयार केला, नागपूर खंडपीठात त्यावरून जनहित याचिका झाली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती चाचणी स्त्रीच्या खासगीपणाचा भंग ठरवली, २०२२ मध्ये पुन्हा कडक शब्दांत बजावलं. डॉक्टरांच्या पुस्तकात 'कौमार्य' चुकीचं शिकवलं जात होतं, तिथं चादर विचारणाऱ्या सासूला काय बोलणार?

---

व्यवस्थापक :

दोन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. गावाचं नाव ओळखण्याचा प्रयत्न करू नये. तो व्हिडिओ इथं चिकटवू नये.

---

जुनी_पानं :

शब्दांवरून खटला, हे महाराष्ट्राला नवीन नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ च्या जुलैत 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं, आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत ते चालवलं. गणिताचा प्राध्यापक माणूस, नोकरी गेली ती ह्याच पायी. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. आरोप होता तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर. आंबेडकरांची बाजू अशी होती की लोक प्रश्न विचारतात, त्याचं उत्तर देणं ही विकृती कशी? खटला हरले, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. पऱ्हाटीसाहेब, तुमचं लेखी खुलाशावर भागलं.

पुढचं आपल्या डोळ्यांसमोरचं. २००७ मध्ये शाळेतला किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आला, विधानसभेत गोंधळ झाला आणि महाराष्ट्रानं तो थांबवला. आणखीही बऱ्याच राज्यांनी थांबवला. २००९ मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीनं, अध्यक्ष वेंकय्या नायडू, शाळेत लैंगिक शिक्षण नकोच असा अहवाल दिला. २००७ ला नववीत असलेली पोरं आज तिशी ओलांडलेली, दोन लेकरांचे बाप. तुमच्या मडक्यात तूर टाकणारे तेच.

---

कडू_कारले :

जुनी_पानं, मुंबईच्या मासिकाचं आणि आमच्या पारावरचं एकच नाही. मासिक विकत घेणारा आपल्या मर्जीनं वाचतो. इथं काका-पुतणे शेजारी बसतात. माझ्या चुलत्यासमोर मी मडक्यात हात घालू? मेलो तरी नाही.

---

पऱ्हाटी :

कारलेभाऊ, हे मात्र सोळा आणे खरं. पहिल्या वर्षी सासरा-जावई एकाच बैठकीत आले होते. जावई उठून गेला, पुन्हा आला नाही. आता मी भावकी पाहून दोन वेगळे दिवस ठेवतो.

---

झाडीवाला :

गडचिरोलीकडचा. आमच्याकडं ह्या विषयाचं मूळ काम झालं ते डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांचं. जानेवारी १९८९ च्या 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा अभ्यास आला. दोन गावांतल्या ६५० बाया तपासल्या, त्यातल्या ९२ टक्क्यांना काही ना काही स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. आधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. बाकीच्या अंगावरच काढत होत्या. 'अंगावर काढणं' हा शब्दही बघा. पुढं राणीताईंनी तरुण पोरापोरींसाठी 'तारुण्यभान' शिबिरं सुरू केली. तिथं मी कॉलेजात असताना बसलो होतो. पहिला तास खाली मान, दुसऱ्या दिवशी प्रश्न संपेनात.

शहरातल्या कोणीतरी आता लिहिणारच, "तुमच्याकडे तर गोटुल आहे, तुम्हाला कशाला शिकवायला पाहिजे?" म्हणून आधीच सांगून ठेवतो. गोटुल म्हणजे आदिवासी गावातलं सगळ्यांचं घर, फुकटचा तमाशा नाही. तिथं पंचायत बसते, नाच-गाणं होतं, पाहुणा झोपतो, जाणत्यांकडून लहान शिकतात. बाहेरच्यांनी त्याची नुसती चावट चित्रं रंगवली. आणि त्याच भागात पाळीच्या दिवसांत बाईला कुर्माघरात, गावाबाहेरच्या झोपडीत, राहावं लागतं हेही खरं. एकाच समाजात मोकळेपणा आणि विटाळ शेजारी-शेजारी नांदतात.

अवांतर : झाडीपट्टीत दिवाळी ते होळी रात्र-रात्र नाटकं चालतात. विनोदी नटानं दोन अर्थांचा डायलॉग टाकला की बाया-माणसं, सरपंच-पोलीस पाटील, सगळे टाळ्या कुटतात. तेच पोलीस पाटील आरोग्य सेवकाच्या बैठकीला अश्लील म्हणतात. हसवलं तर चालतं. समजावलं की बाटतं.

---

मीनल_कोथरूड :

आमच्या सोसायटीतसुद्धा कोणी दुपट्टा घातलेल्या मडक्यात हात घालणार नाही, खात्री आहे. स्लाइड्स राहू द्या. ती राख घालायची युक्ती मी चोरते आहे.

---

दवाखाना_चौक :

नसबंदीबद्दल बैठकीत काय सांगता, पऱ्हाटी? माझ्याकडे दर वेळी एकच शंका, "नांगर धरता येईन का?"

---

पऱ्हाटी :

डॉक्टरसाहेब, ह्यावर जरा सविस्तर लिहितो, कारण घरोघरी ताईंचा प्रतिसाद वाचून मी ह्या रविवारी पद्धत बदलली.

खुलाशाचं आधी. ग्रामसभेत विषय आला. ठराव झाला की समाजमंदिरात अशी बैठक घेऊ नये. घेऊ नये म्हटलं, कुठंच घेऊ नये म्हटलं नाही. म्हणून आता एका शेतकऱ्याच्या खळ्यात घेतो. मोबाईल दारात टोपल्यात ठेवायचे, टोपलं म्हाताऱ्या राखणदाराजवळ. त्याला ऐकू येत नाही, त्यामुळं दोन्ही कामं होतात.

बाप्यांजवळ शब्द नाहीत हे ताईंनी लिहिलं ते पटलं, पण मनात आलं, ढोरांबद्दल बोलताना तर ह्यांची जीभ अडत नाही. गाय माजावर आली, फळवली, गाभण राहिली, गाभडली, वार पडली नाही, गोऱ्हा खच्ची केला. चुलत्यासमोर, भाच्यासमोर, कुठंही बोलतात. मग मी खळ्यात गोऱ्ह्यापासूनच सुरू केलं. म्हटलं, खच्ची करताना डॉक्टर चिमटा कुठं लावते? सगळ्यांना माहीत. गोटीची रक्ताची नस दाबते, गोटी वाळते, गोऱ्ह्याची मस्ती जाते. आता नसबंदी. गोटीला हातच लावायचा नाही. बी जिच्यातून वर जाते ती बारीक नळी तेवढी कापून बांधायची. जागा बधिर करून, बिनटाक्याचं, त्याच दिवशी घरी. बियांचा वाटा मुळात चमच्यात दोन-चार थेंब, बाकी पाणी दुसरीकडून येते, त्यामुळं फरक दिसत नाही, ताकद जात नाही. फक्त तीन महिने दुसरं साधन वापरायचं, मग तपासून घ्यायचं, कारण नळीत जुनं बी उरलेलं असते. ड्रीपचा नळ बंद केला तरी पाईपातलं पाणी गळतेच की थोडा वेळ, असं एकानं स्वतःच म्हटलं. मी म्हटलं, हे मीच सांगणार होतो.

बाईच्या बाजूचे शब्द ताईंचेच वापरले. "मन नोतं" हा शब्द मी दोनदा म्हटला. तिसऱ्या वेळी समोरूनच आला. त्या कोपऱ्यातल्या बुढ्याकडून. म्हणाला, "म्हंजे ते कुशीवर वळून झोपते, ते मन नसनं व्हय का?" कोणी उत्तर दिलं नाही. तो स्वतःच म्हणाला, "चाळीस वर्षं झाली." आणि तंबाखू मळायला लागला.

चादरीचा प्रश्नही टाकला मडक्यात. आकडा सांगत नाही, तो खळ्यातच राहू द्या.

कारलेभाऊ, लग्न न झालेली दोन पोट्टी कुंपणापाशी ऐकत उभी होती. हाकललं नाही. तुम्हाला राग येईल, येऊ द्या.

सगळे गेल्यावर एक जण चप्पल शोधायच्या निमित्तानं मागं राहिला. दोन लेकरं, बायकोची दोन्ही सिझर, तिसऱ्यांदा पोट चिरायला नको असं डॉक्टरीणबाईनं सांगितलेलं. विचारलं, "भाऊ, मी करून घेतलं तं रजिस्टरात नाव दुसऱ्या गावचं टाकता येईन का?"

म्हटलं, आधार कार्ड लागते बाप्पा.

तो जरा वेळ चपलेकडं पाहत उभा राहिला. मग म्हणाला, "तं मंग तुमीच लिहा. पन अक्षर बारीक काढा."